हिरव्या त्रिकोणाच्या आतलं

(राजूर येथे ग्रामस्थांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

महागणपतीच्या गावात बोलायला मिळतंय याचा आनंद आहे. आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस अळ्यांवर काय बोलणार, अशी कुजबुज मघाशी चहाच्या वेळी कानावर आली. रास्त आहे. मी कीटकशास्त्राचा माणूस नाही. पण शब्द वाचणं हा माझा धंदा होता, आणि आज मी तुमच्यासमोर एक मजकूर वाचायला घेणार आहे. तो कुठल्या ग्रंथात नाही. एका प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि तिच्यासोबत आलेल्या घडीपत्रकावर आहे.

ही ती बाटली. आता रिकामी आहे, घाबरू नका. वर लिहिलंय एचएएनपीव्ही. म्हणजे हरभऱ्यावरची जी घाटे अळी, हेलिकोव्हर्पा, तिला रोग पाडणारा विषाणू. कपाशीवर तिलाच आपण हिरवी बोंडअळी म्हणतो, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. अळी तीच, पीक बदललं की नाव बदलतं. बाटलीवर हिरवा त्रिकोण आहे. आणि तीन शब्द ठळक आहेत: ‘नैसर्गिक’, ‘जैविक’, ‘सुरक्षित’. माझी तक्रार या तीन शब्दांविषयी आहे. विषाणूविषयी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या गावात होईल की प्रोफेसर औषधाच्या विरोधात बोलून गेले.

आधी या बाटलीतलं काम कसं करतं ते बघू. मला ते फार विलक्षण वाटतं, म्हणून थोडा वेळ तिथं घालवतो.

विषाणूचे कण एका प्रथिनाच्या स्फटिकात बंद असतात. साखरेच्या दाण्यात काहीतरी पुरून ठेवावं तसं, फक्त दाणा इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. हा दाणा पानावर पडून राहतो. अळीच्या अंगावर पडला तर काही होत नाही. तो तिनं खावा लागतो. आपल्या पोटात आम्ल असतं, अळीच्या मधल्या आतड्यात उलट, तिथं तीव्र अल्कली असते, चुन्याच्या निवळीसारखी. त्या अल्कलीत स्फटिक विरघळतो, आतले कण सुटतात, आतड्याच्या पेशींत शिरतात आणि तिथून सगळ्या शरीरात. अळीच्या पेशी आता अळीचं काम सोडून विषाणूचे दाणे बनवायला लागतात. तीन दिवस, पाच दिवस, मोठी अळी असेल तर आठवडाभर. खाणं हळूहळू मंदावतं. अंग पिवळट, फुगीर, मऊ होतं. आणि मग ती चढते. झाडाच्या शेंड्याकडे. मागच्या पायांनी धरून उलटी लटकते आणि मरते. कातडं फुटतं, आतला सगळा द्रव खालच्या पानांवर गळतो. त्या द्रवात पुन्हा कोट्यवधी दाणे. खालची अळी ती पानं खाते.

ती वर का चढते? युरोपातल्या जंगलांत हे शेंड्यावरचं मरण एकोणिसाव्या शतकातच लोकांनी पाहून ठेवलं होतं. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. जंगलातल्या एका पतंगाच्या अळीवर काम झालं होतं. विषाणूजवळ एक जनुक आहे, ते अळीचं कात टाकण्याचं संप्रेरक निकामी करतं. ते जनुक काढून टाकलं तर अळी वर चढून मरत नाही. म्हणजे चढतो कोण, अळी की विषाणू? कर्ता कोण? या एका प्रश्नावर मी पूर्वी एम.ए.च्या वर्गात पंधरा दिवस घालवले असते. आज सोडतो.

आता शब्द. ‘विषाणू’ म्हटलं की त्यात विष आलंच. विष अधिक अणू. लॅटिनमध्येसुद्धा व्हायरस म्हणजे विषच. आणि पुढे ‘कीटकनाशक’. दोन्ही शब्द ऐकून शेतकऱ्याच्या डोक्यात जे चित्र उभं राहतं ते विषाचं: फवारलं, लागलं, मेली. पण मी आत्ता जे सांगितलं त्यात विष कुठं आहे? ही एक साथ आहे. अळ्यांच्या वस्तीत आपण साथ सोडतो. साथीला आजारी पडणारा लागतो, त्याचं वय लागतं, हवा लागते, वेळ लागतो. नैयायिकांच्या ग्रंथांत कारणाची चर्चा येते तेव्हा बी आणि अंकुराचं उदाहरण हमखास येतं. बी कारण खरं, पण कणगीतल्या बीला अंकुर फुटत नाही. माती, पाणी, ऊब हवी. ही सहकारी कारणं. ती जुळून आली की कार्य होतं. विष हे बऱ्यापैकी एकट्यानं काम करणारं कारण आहे. विषाणू बियाण्यासारखा आहे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्यानं दोन एकर हरभरा केला होता. मीच त्याला म्हणालो, अरे, ते जहाल औषध मारू नको, घरात लहान लेकरं आहेत, हे विषाणूवालं आण. सेवानिवृत्त माणसाला सल्ला द्यायला काही पैसे पडत नाहीत. त्यानं तालुक्याच्या एका दुकानातून आणलं. नाव घेत नाही, कारण दोष एका दुकानाचा नाही. बाटली कुठं ठेवली होती? पत्र्याच्या शेडमध्ये, पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या फळीवर, बाकी औषधांच्या ओळीत. किती महिने, देव जाणे. पुतण्यानं फवारलं सकाळी साडेदहाला, कारण वीज तेव्हाच होती आणि हौदाचं पाणी भरून झालं होतं. आणि फवारलं कधी, तर घाट्यांना भोकं दिसल्यावर. तोवर अळ्या बोटाच्या पेरापेक्षा मोठ्या झाल्या होत्या. अर्धं अंग घाट्यात, अर्धं बाहेर, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं चित्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. “काका, एक पण मेली नाही.”

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. चौथ्या दिवशी फोन आला नाही, कारण त्यानं जाऊन दुसरं औषध आणलं होतं, लाल त्रिकोणाचं, आणि तोंडाला रुमाल बांधून मारून टाकलं. त्या संध्याकाळी त्याला मळमळ सुरू झाली, डोकं गरगरायला लागलं. रात्री दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत घरी आला. देवाची कृपा. हरभरा निम्मा गेला. तो मला काही बोलला नाही. पण त्यानंतर शेतीतलं काही विचारायला तो माझ्याकडे आलेला नाही. मी त्याला काय दिलं होतं? एक चांगली वस्तू आणि अर्धं वाक्य.

त्यानंतर मी हे घडीपत्रक नीट वाचलं. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासावी तसं, लाल पेन घेऊन. यात लिहिलंय: ‘प्रादुर्भाव दिसताच फवारणी करावी.’ हे वाक्य विषाच्या बाटलीवरून जसंच्या तसं उचललेलं आहे. कुणाला दिसताच? भोक दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. हा विषाणू लहान अळीवर चालतो, जी पानाचा हिरवा भाग खरवडून खाते आणि पान पांढुरकं दिसतं. ती शोधायला वाकावं लागतं, ओळीत बसावं लागतं. कृषी विद्यापीठं आणि कृषी खातं आर्थिक नुकसानीची पातळी सांगतात: हरभऱ्याच्या एक मीटर ओळीत एक ते दोन अळ्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग. तो सापळा या पत्रकात नाही. ‘सायंकाळी फवारावे’ हे आहे, पण शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. का सायंकाळी, ते नाहीच. उन्हातल्या अतिनील किरणांनी हे कण निकामी होतात, म्हणून. आपल्याकडचे शास्त्रज्ञ फवाऱ्यात कपड्याची राणीपाल किंवा नीळ मिसळायला सांगतात, कण उन्हापासून वाचावेत म्हणून. किती सुंदर, घरगुती युक्ती! पण पुतण्याला कुणी सांगितली? आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, ‘अळी मरायला चार ते सात दिवस लागतील, धीर धरा’, ते कुठंही नाही. मी तीनदा शोधलं.

का नाही? कारण ते लिहिलं तर बाटली विकली जाणार नाही, असं कुणाला तरी वाटलं असणार. मला वाटतं इथं या सगळ्या व्यवहाराचं दुखणं आहे. विषाणूला विषाच्या दुकानात, विषाच्या फळीवर, विषाच्या भाषेत बसवलं, आणि मग तो विषाइतका जलद नाही म्हणून त्याला नापास केलं.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये याच घाटे अळीच्या भावकीतल्या अळीवरचा विषाणू नोंदणी होऊन बाजारात आला, एल्कार नावानं. थोड्याच वर्षांत कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधं आली, जलद आणि जोरदार, आणि एल्कार मागे पडलं. आपल्याकडेही पायरेथ्रॉइडं आली. १९८७ मध्ये आंध्रात कपाशीवर ती मारून मारून अळी मरेना. अळीनं ती पचवली होती. आणि तेव्हा पुन्हा लोकांना विषाणूची आठवण झाली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, इथं वैद्याला मारून झाल्यावर गरज परत आली.

बाटली तयार कशी होते, तेही थोडं सांगतो, कारण तिची किंमत आणि तिची टंचाई त्यात आहे. हा विषाणू यंत्रात बनत नाही. तो फक्त जिवंत अळीत वाढतो. म्हणून आधी अळ्या पाळायच्या. त्यांना खायला काय घालतात माहीत आहे? बेसन. हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वं आणि ते घट्ट करायला आगर. ज्या हरभऱ्यासाठी तिला मारायचं, तोच तिला भरवायचा. आणि प्रत्येक अळीला वेगळी खोली द्यावी लागते, कारण ही अळी आपल्या भावंडांना खाते. पाहिजे तेवढी मोठी झाली की तिच्या खाण्यावर विषाणू लावायचा, ती मेली की गोळा करायची, वाटायची, गाळायची, मोजायची. मोजमापाचं नावच बघा, एल.ई., म्हणजे एका अळीएवढं. सहा अब्ज दाणे म्हणजे एक एल.ई. हेक्टरी शिफारस २५० ते ५०० एल.ई. २५० धरले तरी दीड लाख कोटी दाणे. हे सगळं हातांनी, एकेका अळीगणिक.

आता धंदा करणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. माल एकाच किडीवर चालतो, थंड जागी ठेवावा लागतो, हातमजुरीचा आहे, आणि चांगला निघाला तर शेतात आपणच पसरतो, पुन्हा विकत घ्यायची गरज कमी करतो. कोण बनवेल? जे बनवतात त्यांचं मला कौतुक आहे, आणि कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करून, दाणे मोजून देणाऱ्यांचं जास्त. आपल्या कृषी विद्यापीठांत हे काम चालतं. पण सगळा भार विद्यापीठांवर टाकून चालणार नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावाचं नाव ऐकलंय का कुणी? १९९८ च्या सुमारास राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तिथं शेतकऱ्यांना सोबत घेऊन कपाशीवर काम सुरू केलं. ट्रायकोग्रामा, निंबोळी अर्क, आणि त्यांच्या जोडीला हा विषाणू. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: ते एका शेताचं काम नव्हतं, गावाचं होतं. माझ्या बांधावर साथ सोडली आणि शेजाऱ्यानं दर आठवड्याला जहाल औषध मारलं, तर पतंग त्याच्याकडून माझ्याकडे येतातच, वर मित्रकिडी दोन्हीकडच्या मरतात.

ब्राझीलमध्ये तर याहून मोठं झालं. सोयाबीनच्या पानं खाणाऱ्या अळीवर तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं, एम्ब्रापानं, फ्लाव्हिओ मोस्कार्डी यांच्या पुढाकारानं १९८० च्या दशकात विषाणू शेतात नेला. शेतातल्या रोगट मेलेल्या अळ्या गोळा करायच्या, गोठवून ठेवायच्या, पुढे वापरायच्या. २००० नंतरच्या काळात हे क्षेत्र वीस लाख हेक्टरच्या घरात गेलं. जगात विषाणूचा एवढा मोठा वापर दुसरा नाही. आणि मग तो घसरला. लोक पेरणीच्या वेळीच तणनाशकासोबत कीटकनाशकही मिसळून मारायला लागले, ‘एका फेरीत दोन कामं’. विषाणू हरला नाही. त्याला लागणारी वाट बघण्याची सवय मोडली.

इथं दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. काही मंडळी विषाणूची आरती करतात. ‘निसर्गाचं आहे, निसर्गाला अळी शरण जाणारच.’ असं काही नसतं. युरोपात सफरचंदाच्या अळीवर अशाच एका विषाणूचा एकच वाण वर्षानुवर्षं वापरला गेला, आणि २००५ च्या आसपास जर्मनी-फ्रान्समधल्या, तेही सेंद्रिय, बागांत ती अळी त्याला दाद देईना. नवे वाण शोधावे लागले. आणि आपल्या कपाशीचं मोठं दुखणं आता गुलाबी बोंडअळीचं आहे. तिच्यावर ही बाटली ओतू नका. ती वेगळी अळी, बोंडाच्या आत बसलेली. हा विषाणू तिचा नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध महानुभाव बाई होत्या. मुंगीवर पाय पडू देत नसत. मी त्यांना एकदा हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “बाबा, विष घालून मारणं पाप, आणि रोग लावून मारणं पुण्य, असं कसं?”

मला उत्तर आलं नाही. आजही पूर्ण येत नाही. अळीच्या बाजूनं बघितलं तर पाच दिवस कुजत मरणं हे पाच मिनिटांच्या मरणापेक्षा दयाळू नाही. ‘नैसर्गिक’ शब्दानं आपण स्वतःला ही सूट देऊन टाकतो, आणि म्हणून मला तो शब्द आवडत नाही. नागाचं विष नैसर्गिक आहे. तंबाखूतलं निकोटिन नैसर्गिक आहे, आणि ते कीटकनाशक म्हणून वापरणारे लोक त्यानं मेलेले आहेत. माझ्यापुरतं उत्तर एवढंच की प्रश्न अळीवर संपत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणारा बहुतेक वेळा शेताचा मालकही नसतो, रोजंदारीवरचा माणूस असतो. हा विषाणू माणसाला, गुराला, मधमाशीला रोग लावत नाही. तेव्हा अळीचं पाप माझ्या खात्यावर राहू द्या, मी ते नाकारत नाही. पण पंप पाठीवर घेणारा संध्याकाळी घरी जेवायला येतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा मला इथं येऊन सुचला. मघाशी चहाच्या वेळी एका तरुण शेतकऱ्यानं मला बाजूला घेतलं. त्याची अर्धा एकर तुती आहे, शेड आहे, रेशीम करतो. २०१८ मध्ये जालन्याला बाजार समितीत कोषखरेदी सुरू झाली. त्याआधी रामनगरला, पार कर्नाटकात जावं लागायचं. तेव्हापासून आपल्या भागात तुती वाढतेय. तो म्हणाला, “सर, बांधापलीकडे चुलत्याचा हरभरा आहे. तुमचं ऐकून चुलत्यानं हे विषाणूचं मारलं आणि माझ्या अळ्यांना लागलं तर?”

मंडळी, यापेक्षा चांगला प्रश्न मला चाळीस वर्षांत वर्गात कुणी विचारला नव्हता. त्याची भीती खोटी नाही. रेशीमवाल्यांना ग्रासरी माहीत आहे. अळी फुगते, कातडी चकाकते, पिवळी पडते, ट्रेच्या कडेला अस्वस्थ फिरत राहते, आणि फुटली की दुधासारखा द्रव. मी मघाशी जे वर्णन केलं तेच. ग्रासरी हा याच कुळातल्या विषाणूचा रोग आहे. घाटे अळीच्या मरणानं आपण खूश होतो, आणि त्याच मरणाच्या भावंडाला हाकलायला शेडमध्ये चुना नि ब्लीचिंग पावडर टाकतो. पण रेशीमकिड्याचा विषाणू वेगळा, घाटे अळीचा वेगळा. हा रेशीमकिड्यावर चालत नाही. चुलत्यानं हे मारलं तर तुझी बॅच सुरक्षित आहे. लाल-पिवळ्या त्रिकोणाचं मारलं आणि वारा तुझ्याकडे असला, तर पानावर पडेल आणि बॅच जाईल.

पण थांबा. त्याच दुकानात, त्याच फळीवर, तोच ‘जैविक’ शब्द मिरवणारी दुसरी एक पुडी असते, बीटी जिवाणूची भुकटी. तीसुद्धा घाटे अळीवर मारतात. हा जिवाणू पहिल्यांदा सापडला कुठं? १९०१ मध्ये जपानात, मरणाऱ्या रेशीमकिड्यांत. इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला. म्हणजे ती भुकटी चुलत्याच्या हरभऱ्यावर मारली आणि उडून तुतीवर बसली, तर या पोराच्या शेडमध्ये हाहाकार होईल. दोन्ही वस्तूंवर शब्द तोच: नैसर्गिक, जैविक, सुरक्षित. एक याच्या घराला सुरक्षित, दुसरी याच्या घराला घातक. आणि लेबल वाचून चुलत्याला ते कळायचा काही मार्ग नाही.

म्हणून त्या तरुणाला मी चहाच्या वेळी जे सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगतो. चुलत्याकडे जा, आणि ‘जैविक मारा’ असं सांगू नकोस. नाव घेऊन सांग: एचएएनपीव्ही. फुलोऱ्याच्या आधी दोघं मिळून कामगंध सापळे लावा, खर्च अर्धा अर्धा करा. पतंग तू मोज, तुझी शेडमध्ये रोज चक्कर असतेच. पतंग वाढले की चुलत्याला हाक मार, ऊन उतरल्यावर फवारा, बादलीत राणीपाल टाका, आणि पाचव्या दिवशी सकाळी दोघं जाऊन शेंडे बघा. उलटी लटकलेली दिसेल.

पुतण्यालाही हेच सांगायचं होतं. येत्या रब्बीला सापळे घेऊन जाणार आहे त्याच्याकडे. मोजायला मीच बसेन म्हणतो.